राक्षसाची मान आणि आमचा पाळणा

त्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या पायाचा अंगठा माझा राहिला नव्हता, तो ताईच्या बाळाच्या नावावर झाला होता. रंजनाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, शिरूरला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि वैशाखात तिला मुलगी झाली. मधल्या खोलीत आढ्याच्या कडीला आईच्या जुन्या नऊवारीची झोळी बांधली, झोळीला सुताची दोरी आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या अंगठ्याला. मी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन बसलेली, म्हणजे आईच्या लेखी रिकामटेकडी. "बस हितं पुस्तक घिऊन. पाय तर हलवायचाय, डोंगुर न्हाई उचलायचा," असं म्हणून आई जी चुलीकडं जायची ती भाकरी-कालवण उरकूनच परत यायची. पाय हलवणं सोपं वाटतं ना? चार तास हलवून बघा एकदा. जरा कुठं पाय थांबला की आतून असा टाहो यायचा की शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकायला लागायचं. झोपेतही माझा पाय हलतो, असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायची. मला भाचीचं कौतुक नव्हतं असं नाही, पण खरं सांगते, भाचीपेक्षा मला माझा पाय जास्त प्यारा होता.

आमची वस्ती दौंडहून पाटसकडं जाताना डांबरी सोडून आत होती. चार खोल्या, पुढं पत्र्याचं सपार, सपरापुढं मेंढरांचा वाडगा. आजोबांपर्यंत आमची माणसं मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायची. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन एकर उसात पाय रोवले आणि फिरणं बंद केलं. पण आठ-दहा मेंढरं आणि लोकर कातायची चाती काही त्यांच्यानं सुटली नाही. बोलताना, भांडताना, उसाच्या तोडीवरून कुणाशी वाद घालताना, हातात चाती गरगरतच असायची. चाती फिरतेय तोवर तुम्ही काहीही बोला, आप्पा ‘हूं’ म्हणणार. चाती थांबली की समजायचं, आता आप्पा स्वतः बोलणार आणि ते शेवटचं असणार. घरात तेव्हा बाळंतिणीचा वास भरलेला होता, शेपा-ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, लसणाची फोडणी दिलेली शेपूची भाजी. वारा त्या अंगानं असला तर दौंडच्या रेल्वेची शिट्टी ऐकू यायची आणि ती ऐकली की बाळ दचकायचं. ताईचे लाडू एका पितळी डब्यात फडताळावर ठेवलेले असायचे. त्या डब्याचं नाव आत्ताच काढून ठेवते, पुढं त्याच्यावर मोठी आफत यायची आहे.

मला नाद होता मोटरींचा. पाण्याच्या नव्हे, बारक्या, मुठीत मावणाऱ्या. हा नाद लागला मामाच्या मोडक्या टेपरेकॉर्डरमुळं. तो उघडून मी त्यातली मोटर काढली, तिला दोन सेल लावले आणि ती ‘झीं’ करून जी फिरली, ती माझ्या डोक्यात आजतागायत फिरतेच आहे. तिला कागदाचा पंखा लावला, पुठ्ठ्याची चाकं लावली, आईच्या रिळाला जोडून दोरा गुंडाळायचं यंत्र केलं. पण प्रत्येक वेळी रड एकच. मोकळी फिरेल तेव्हा काय तो तोरा! आणि जरा ओझं आलं, नुसतं बोट टेकवलं, की बाईसाहेब ठप्प. पुठ्ठ्याची गाडी जमिनीवर ठेवली की जागेवर थरथरायची, इंचभर पुढं जायची नाही. मी सेल बदलले, दोनाचे चार केले, मग चारासकट मोटर जाळली. तो जळका वास घरभर पसरला तेव्हा आईनं वहाण उगारली होती.

दौंडला स्टेशनच्या रस्त्यावर इसाकभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून बसलेला, पांढऱ्या दाढीचा हा माणूस माझा खरा मास्तर. शाळा सुटली की एसटी येईपर्यंत मी त्यांच्या फळीवर बसायची. त्या सुट्टीत, बाजाराचं निमित्त काढून, जळकी मोटर मी त्यांच्यापुढं ठेवली तेव्हा त्यांनी ती हुंगली आणि हसले. "बेटा, ही पळणारी आहे, ओढणारी नाही. घोडा शर्यतीला ठीक है, नांगराला बैल लागतो." मग खालच्या खोक्यात हात घालून त्यांनी एक मोटर काढली. तशीच छोटी, पण पुढं गोल डबी बसवलेली आणि डबीतून पेन्सिलीएवढी दांडी बाहेर आलेली. डबीचं झाकण काढून दाखवलं, आत पितळेची दातेरी चाकं एकात एक अडकलेली. मोटरीचं बारकं चाक दहा फेरे मारतं तेव्हा मोठं चाक एक मारतं, त्याच्या पुढचं त्याहून कमी, असं करत करत वेग उतरतो आणि जोर चढतो. त्यांनी भिंतीवरच्या एलिमिनेटरची, म्हणजे सेलऐवजी लाईटवर मोटर चालवायच्या डबीची, वायर जोडली. दांडी फिरायला लागली, एकदम सावकाश, आवाज घुर्रर्र. "पकड." मी दोन बोटांत पकडली. माझी बोटंच पिळवटून निघाली, दांडी काही थांबेना. पकडसुद्धा आणून लावली, तरी थांबेना. मी वेड्यासारखी हसत सुटले. आता माझी पन्नाशी उलटली. टेबलाच्या खणात असल्या मोटरी पडलेल्या असतात. आता घरपोच येतात, अंगावर मिनिटाच्या फेऱ्यांचे आकडे छापलेले, तीस, साठ, शंभर, जशी हवी तशी. पण कुठलीही नवी मोटर आली की मी आधी तिची दांडी बोटात धरते.

ती मोटर आधी एका गणेश मंडळाच्या हलत्या देखाव्यात होती. राक्षसाची मान या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरवायचं काम तिच्याकडं होतं. राक्षस पुढच्या वर्षी बाद झाला आणि मोटर खोक्यात आली. "घेऊन जा," इसाकभाई म्हणाले, "बदल्यात घरचं काही खायला आण. माझी बेगम माहेरी गेलीय." झालं! पितळी डब्याची आफत ती हीच. दुसऱ्या दिवशी ताईचे डिंकाचे लाडू माझ्या शाळेच्या रिकाम्या दप्तरातून दौंडला गेले. डबा अर्धा रिकामा बघून आई काय म्हणाली असेल? म्हणाली, "रंजीला भूक लागायला लागली गं बाई, देवच पावला!" आणि आनंदानं तिनं नवा घाणा केला. ताईनं माझ्याकडं रोखून पाहिलं, पण चुगली केली नाही. बहीण असावी तर अशी.

मोटर घरी आली आणि माझी नजर आधी स्वतःच्या अंगठ्याकडं गेली. सरळ गोष्ट होती. दांडीला एक पट्टी बसवायची, पट्टीच्या टोकाला तार, तारेचं दुसरं टोक पाळण्याला. दांडी गोल फिरणार, पट्टी मागं-पुढं ओढणार, पाळणा झुलणार. त्यातून पाळणाही नवा येणार होता. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, पण शिरूरकडं कांदा काढणी निघाली, मग लग्नसराई, असं ढकलत ढकलत ते जूनवर गेलं. आमच्यात बारशाचा पाळणा आजोळचा असतो आणि बारशाआधी बाळाला त्यात घालत नाहीत. आप्पांनी दौंडच्या सुताराकडून घोडीवर टांगलेला सागवानी पाळणा करून आणला होता, वर लाकडी राघू लावलेला. मी बेत सांगितला तसा आईनं कपाळावर हात मारला. "राक्षसाची मोटर माज्या नातीला? आन् पाळण्याची मान मोडली म्हंजी?" ताई मात्र खुदुखुदू हसत म्हणाली, "आये, करू दे की. तिचा पाय बघ, सुकून चिपाड झालाय."

याच दिवसांत निकाल लागला. मार्क चांगले पडले. इसाकभाई सामान आणायला पुण्याला जायचे, त्यांना मी आधीच गळ घालून ठेवली होती, त्यांनी मुलींच्या तंत्रनिकेतनाचा फॉर्म आणून दिला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, तीन वर्षं, राहायला वसतिगृह. खाली पालकाच्या सहीसाठी एक रिकामी रेघ. ती रेघ मी दिवसातून चारदा काढून बघायची. घरात माझ्याबद्दल ठरलं होतं ते वेगळंच, अकरावी आर्ट्सला, मग डीएड, मग मास्तरीण, मग लग्न. संध्याकाळी आप्पा सपरात चाती घेऊन बसले होते. मी फॉर्म पुढं केला. चाती फिरत राहिली.

"काय हाय ह्ये?"

"पुण्याचा फॉर्म. डिप्लोमाचा."

"शिकून करणार काय?"

"मोटरी."

"मोटरी तर तू आत्ताबी करतीयास. त्याला पुण्याला कशाला जायला लागतंय?"

मी आपली मोटर आणली, तिच्याबरोबर इसाकभाईंनी दिलेला एलिमिनेटर लावला आणि म्हणाले, "आप्पा, ही दांडी धरून थांबवा." उसाची मोळी एका हातानं उचलणारा माणूस. त्यांनी चाती खाली न ठेवता दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत दांडी धरली. दांडी फिरतच राहिली. त्यांनी बोटं आवळली, ओठ आवळले, मानेची शीर फुगली. दांडी आपली घुर्रर्र. आणि चाती थांबली. "हळू फिरतीया, पर दमाची हाय," आप्पा म्हणाले. मग फॉर्म माझ्याकडं सरकवत बोलले ते असं, "बारशाला शिरूरची माणसं येणारेत. त्यांच्यासमूर तुजा पाळणा हलला, तर सही करीन. न्हाई हलला, तर गुमान अकरावीला जायाचं. पुन्यांदा ह्यो कागुद काढायचा न्हाई." मी हो म्हणाले. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

बारशाला आठ दिवस होते. सायकलच्या जुन्या चेनकव्हरचा पत्रा कापून मी पट्टी केली, भोक पाडलं, दांडीवर बसवून बाजूनं बारीक स्क्रू आवळला. तार केली सायकलच्या स्पोकची. मोटर फळीवर आणि फळी पाळण्याच्या घोडीला. सगळं जुळलं आणि मी बटण दाबणार तेवढ्यात आई किंचाळली, "रिकामा पाळणा हलवतीयास? पोट दुखंल की पोरीचं!" हे आमच्याकडं कुणीही सांगेल, रिकामा पाळणा हलवायचा नसतो. बाळाला बारशाआधी पाळण्यात घालायचं नाही आणि बाळाशिवाय पाळणा हलवायचा नाही, मग मी यंत्र तपासू कसं? तोडगाही आईनंच काढला. पाट्यावरचा वरवंटा धुतला, त्याला हळद-कुंकू लावलं, बाळाचं टोपडं घातलं आणि दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवला. तो वजनाला जवळपास बाळाएवढाच. मी म्हटलं, वा! याहून बरं काय हवं? आठ दिवस मी टोपडं घातलेला वरवंटा झुलवत होते. पट्टी लांब केली, आखूड केली, तारेचा बाक काढला, पाळणा कसा अलगद झुलायला लागला. बायका मुद्दाम बघायला यायच्या आणि वरवंट्याची अलाबला घेऊन जायच्या. "गुणाचा हाय गं, अजिबात रडत न्हाई!" बाळ तेवढ्या वेळात शेजारी ताईच्या मांडीवर असायचं आणि झोपून जायचं. आम्हाला वाटायचं, पोट भरलं म्हणून झोपलं. तिकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

बारशाच्या दिवशी सकाळपासून पुरण शिजत होतं. आमटीच्या वासानं मेंढरंसुद्धा वाडग्यातून माना वर करून बघत होती. घुगऱ्यांचं पातेलं ओसरीत निथळत ठेवलेलं. अकराच्या सुमाराला शिरूरचा टेम्पो आला. ताईची सासू, धिप्पाड बाई, पण मनानं मोकळी, उतरल्या उतरल्या म्हणाली, "कुठाय ते यंत्राचं पाळणं? आमच्या आळीत समद्यांना सांगून आलीया म्या." पाठोपाठ ताईची नणंद सुरेखा, म्हणजे बाळाची आत्या, बाळाचं नाव ठेवायचा मान तिचा. बाळाला नवा झालरीचा फ्रॉक घातला होता, तो टोचत असणार, कारण घातल्यापासून तिनं जो गळा काढला होता तो थांबायचं नाव घेत नव्हता. दूध पाजून झालं, खांद्यावर घेऊन झालं, ग्राइप वॉटर झालं. रडणं सुरूच.

बायका पाळण्याभोवती जमल्या. आधी वरवंटा. पाळण्याच्या अलीकडं आई, पलीकडं ताईची सासू. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," म्हणत वरवंटा पाळण्याखालून एकीनं दिला, दुसरीनं घेतला. मग बाळाला पाळण्यात ठेवलं. आणि मग आमच्या रीतीप्रमाणं आईनं तो वरवंटा बाळाच्या पायथ्याशी, पाळण्यातच ठेवला. आता आलं का ध्यानात? माझ्या तेव्हा आलं नाही. आठ दिवस बाळाच्या जागी वरवंटा घेऊन मी वजनाचा मेळ घातला, आणि बारशाला बाळाबरोबर खुद्द वरवंटाही पाळण्यात असतो, हे मला लहानपणापासून दहा बारशी बघूनसुद्धा आठवलं नाही! एक वजन धरून केलेल्या यंत्रावर दोन बाळं आली, त्यातलं एक दगडाचं. वर चांदीचे वाळे, खुळखुळे आणि सासूनं आणलेली जाडजूड गोधडी.

आप्पा दारात उभे होते, हातात चाती. त्यांनी मला मानेनं खूण केली. मी बटण दाबलं. घुर्रर्र झालं, पाळणा एकदा पुढं आला, एकदा मागं गेला. बायकांनी "अगं बया!" म्हणून तोंडाला पदर लावला. तिसऱ्या झोक्याला ‘टक्’ असा आवाज आला आणि पाळणा उभ्या जागी थांबला. मोटर फिरतच होती, दांडी फिरतच होती, पण पट्टी दांडीवर सरकून मोकळी झाली होती. गोल दांडीवर नुसता स्क्रू आवळून भागत नाही, आधी कानस मारून दांडीला एक सपाट बाजू करायची आणि स्क्रू त्या सपाटीवर बसवायचा. हे मी पुढं शिकले आणि शेकडो पोरांना शिकवलंही. पण त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की सगळं शिरूर माझ्याकडं बघतंय आणि पाळणा हलत नाही. कुणीतरी फिसकन हसलं. सुरेखा म्हणाली, "काय वं छायाताई, राक्षसाची मान अखडली का?" मेलीला ते कुणी सांगितलं कोण जाणे. मी आप्पांकडं बघितलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी झटक्यात मोटर बंद केली.

आणि बाळानं टाहो फोडला. तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं की मधल्या मिनिटभरात ते गप्प होतं. सुरेखानं दोरी धरून पाळणा हलवला. रडणं वाढलं. जोरात हलवला. आणखी वाढलं. ताई एकदम म्हणाली, "छाये, ते चालू कर गं!" "अगं, पट्टी सरकलीय, हलायचं न्हाई ते." "न्हाई हलू दे, तू चालू तर कर!" मी बटण दाबलं. घुर्रर्र सुरू झालं, पाळणा जागच्या जागी आणि बाळ चिडीचूप. डोळे मिटायला लागले. ताईच्या सासूनं भुवया वर चढवल्या, पुढं होऊन स्वतः बटण बंद केलं. टाहो. चालू केलं. गप्प. परत बंद, परत चालू. "आगं, हिला झोका न्हाई, आवाज पायजेल!" असं म्हणून ती बाई जी हसली, तिच्या हसण्यानं सगळी खोली हसायला लागली. आठ दिवस आम्ही वरवंटा झुलवत होतो आणि शेजारी पोर त्या घरघरीवर निजायला शिकत होती. त्याच आवाजात सुरेखानं बाळाच्या कानात ‘सोनाली’ असं नाव सांगितलं, त्याच आवाजात बायकांनी रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घातले आणि सोनाली त्या सगळ्या गोंधळात गाढ झोपून राहिली. आता बाळं निजवायला असले आवाज फोनवर मिळतात म्हणे. परवा सोनालीनंच तिच्या लेकासाठी लावलेला मी ऐकला. आमच्याकडं हे काम राक्षसानं कधीच केलं होतं.

सगळे हसले, घुगऱ्या वाटल्या, पुरणपोळ्यांच्या पंगती उठल्या. पोर निजली हे खरं, पण बोली पाळणा हलण्याची होती आणि पाळणा हलला नव्हता, साऱ्यांच्या डोळ्यांदेखत. आप्पांचा शब्द म्हणजे शब्द, तो मला माहीत होता. चार वाजता शिरूरचा टेम्पो गेला. मी फॉर्म चौघडी घालून पोलक्यात खोचला आणि वाडग्याच्या मागं जाऊन मेंढरांत बसले. तिथं पोटभर रडले. आर्ट्सचे विषय कोणते असतात, ते मनात मोजून बघितले आणि परत रडले. एक कोकरू माझ्या पोलक्यातून डोकावणारा फॉर्म ओढायला लागलं तेव्हा त्याला ढकलून दिलं. मग वाटलं, फॉर्म खाऊ दिला असता तर बरं झालं असतं.

पाचच्या सुमाराला लाईट गेली. ती तेव्हा जायचीच, कारण विचारायची पद्धत नव्हती. घरातून सोनालीचा सूर आला. आधी बारीक, मग मोठा, मग वस्ती गोळा करणारा. आईचा आवाज, ताईचा आवाज, खुळखुळ्याचा आवाज. मी उठले. काही झालं तरी मोटर माझी होती, सेल जोडून चालते का बघावं म्हणून डोळे पुसत घराकडं निघाले. ओसरीपर्यंत पोचले तर रडणं थांबलेलं. आणि आतून मोटर चालल्याचा आवाज. घुर्रर्र, अगदी तोच. लाईट नसताना?

आत जाऊन बघते तर आप्पा पाळण्याशी जमिनीवर मांडी घालून बसलेले, पाळण्याच्या कठड्याला गाल टेकवलेला, डोळे मिटलेले, ओठ थरथरतायत आणि तोंडातून ‘घुर्रर्रर्र’. मेंढरं वळवताना आमची माणसं जिभेनं-ओठांनी असा लांब आवाज काढतात, आप्पा त्यात पटाईत होते. तोच आवाज त्यांनी जरा जाडा करून, माझ्या मोटरीच्या सुराला आणून बसवला होता. चाती बाजूला जमिनीवर पडली होती. पाळणा कुणीच हलवत नव्हतं. आई आणि ताई भिंतीला टेकून तोंडावर पदर घट्ट धरून हसत होत्या, हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. आप्पांचा दम संपत आला की सोनालीची भुवई आक्रसायची, की आप्पा घाईनं नवा श्वास घेऊन परत सुरू.

त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं. बोलता येईना, कारण बोलले तर आवाज तुटणार. त्यांनी हात पुढं केला आणि बोटांनी हवेत लिहिल्यासारखं केलं. मला कळेना. परत केलं, जरा रागानं. ताईनं माझ्या पोलक्यातून फॉर्म ओढला आणि खिडकीतला पेन त्यांच्या हातात दिला. आप्पांनी फॉर्म मांडीवर सपाट केला. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, कारण खोटं घेऊन जायची माझी इच्छा नव्हती, "आप्पा, पण पाळणा हलला न्हाई." त्यांनी घुर्रर्र न थांबवता डोळे वटारले आणि पेनानं पाळण्यात झोपलेल्या सोनालीकडं खूण केली, मग परत माझ्याकडं. पोर निजली ना? मग झालं तर!

आप्पा चौथीपर्यंत शिकलेले, सही करायला त्यांना वेळ लागायचा. एकेक अक्षर, प्रत्येक अक्षराला एक घुर्रर्र. आडनावापर्यंत आले तेव्हा तोंड लाल झालं होतं. शेवटच्या अक्षराची शेपटी रेघेबाहेर घसरत गेली, तिथं त्यांचा दम संपला. त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला, छातीवर हात ठेवला आणि मानेनं मला खूण केली. सोनालीची भुवई आक्रसायला लागली होती. मी त्यांच्या जागेवर बसले, कठड्याला गाल लावला आणि पुढचा घुर्रर्र धरला.